आरशातला फोन

“तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही,” आण्णा म्हणाले, “पण सप्टेंबरात निघणारा तो फोन मी गेल्या रविवारीच बघितला. चालू असलेला.”

मुकेशच्या मोबाइलच्या दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. आण्णा, त्यांची बायको विठाबाई आणि त्यांच्याच बिल्डिंगमधला सुयोग. विठाबाईंच्या फोनला नवी काच लावायची म्हणून नवराबायको हेंद्रेपाड्यातून चालत आले होते. सुयोग आला होता नव्या फोनच्या बुकिंगला. फोन निघायला अजून महिना होता आणि याची झोप आत्ताच उडाली होती.

त्याची पंचाईत जरा वेगळी होती. आजवर सगळा जन्म अँड्रॉइडवर गेलेला. “मुकेशभाई, आयफोनमध्ये खाली मागे जायचं बटणच नाही म्हणतात. मग माणूस मागे जातो कसा?”

“आदत हो जाती है, साईं. कडेने असं सरकवायचं.” मुकेश रोज उल्हासनगरहून, कॅम्प चारमधून यायचा आणि ज्याला जी समजेल ती भाषा बोलायचा. “थोडे दिवस बोट चुकतं. मग जुना फोन हातात धरवत नाही.”

“सरकवायचं!” आण्णा हसले. “अरे, तो जमाना गेला. नव्यात सरकवायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं बघायचं. डावीकडे बघितलं की मागे, उजवीकडे बघितलं की पुढे. वर बघितलं की सगळं बंद.”

“और जो तिरछा देखता है?”

“तिरळ्याला दोन ॲप एकदम उघडतात. फायदाच आहे.”

सुयोग खो खो हसला. विठाबाईंनी काउंटरच्या काचेखाली मांडलेल्या कव्हरांकडे बघत मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

“पण तुम्हाला दाखवला कुणी?” सुयोगने विचारलं.

“कुणी म्हणजे? विनीतने. बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल केला होता. त्याच्याच टेबलावर तर बनतोय तो फोन.”

विनीत हा आण्णांचा मुलगा. दिवाळीला आला नव्हता, पाडव्याला आला नव्हता. पण ‘विनीत कसा आहे’ असं कुणी विचारायच्या आत आण्णांकडे त्याची ताजी बातमी तयार असायची. कधी त्याला कंपनीने जपानला पाठवलेलं असायचं, कधी त्याने साहेबाची चूक दाखवलेली असायची. या महिन्यात फोन होता.

“एक मिनिट, आण्णा.” सुयोगने बोट वर केलं. “कॉल कुठल्या फोनवरून केला त्याने?”

“त्याच. नव्या.”

“मग ज्या फोनातून तो तुमच्याशी बोलतोय, तोच फोन तुम्हाला दिसला कसा?”

मुकेशने काच पुसता पुसता वर बघितलं. दुसरा कुणी असता तर इथे अडकला असता. आण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा चढवला.

“आरशात,” ते म्हणाले. “आरशासमोर उभा राहून दाखवत होता, येड्या. पाठ, कॅमेरे, रंग, सगळं. सोनचाफ्यासारखा रंग आहे. विचार हिला. ही शेजारीच बसली होती. होय ना गं?”

“हो,” विठाबाई म्हणाल्या. “आरशात.”

कव्हरांवरची त्यांची नजर काही उठली नाही. मुकेशने चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि न पिता हातात धरून ठेवला.

सुयोगला मात्र आता दम निघेना. “मग मी येडा आहे का रांगेत उभा राहायला? आण्णा, विनीतदादाला सांगा ना, माझ्यासाठी एक. आतल्या आत काढून देईल. मुकेशभाई, माझं नाव कट करा.”

“साईं, सोच ले. परत आलास तर नंबर शेवटी लागेल.”

“काढ रे खुशाल!” आण्णांना आता चढलं होतं. “अरे, रविवारी तो स्वतःहूनच म्हणाला, बाबा, आपल्या ओळखीतलं कुणी असेल तर हक्काने सांगा, तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. हिच्यासमोर म्हणाला. सांग गं याला, काय म्हणाला विनीत?”

विठाबाईंनी कप दुसऱ्या हातात घेतला.

“अगं, सांग की. लाजतेस काय?”

“मी नव्हते,” विठाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मुकेशच्या हातातलं फडकं थांबलं.

“काय?”

“शेजारी नव्हते मी. रविवारी देवळात जाते म्हणून सांगितलं तुम्हाला, पण गेले होते इथेच, बेलवलीला. त्याच्या सासऱ्यांकडे. विनीत आलाय तिथे, आठ दिवस झाले.”

सुयोगने आण्णांकडे बघितलं आणि झटकन दुसरीकडे बघितलं. आण्णांच्या तोंडावर मघाचंच हसू होतं. ते काढायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“मग तो फोन...” ते म्हणाले.

“जुनाच आहे त्याच्याकडे. फोन बनवत नाही तो, अहो. या मुकेशभाऊंसारखा काउंटरला उभा राहून विकतो. तुम्ही इथे सांगता आणि लोक तिकडे त्याच्याकडे फोन मागतात.” चहाचा कप त्यांनी काचेवर ठेवला. चहा हिंदकळून कव्हरांवरच्या काचेवर सांडला. तो त्या पदराने पुसू लागल्या आणि पुसता पुसताच म्हणाल्या, “बाबांना मी आलोय ते सांगू नकोस म्हणाला. निघताना जिन्यात आला माझ्यामागे. म्हणाला, आई, ते तर ऐकणार नाहीत. पण तू तरी त्यांना हो म्हणू नकोस गं.”