उजवं फूल

आमचे येसाजीकाका गावच्या कबड्डी संघाचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात तोंडाळ चाहते. कप्तान रितेश मोबाईलवर आकडे मांडून संघ निवडतो, याचा त्यांना भारी राग. "कबड्डी मांडीत असते रे, मोबाईलमधी नाय!"

पोलादपूरच्या फायनलला रितेशने नेमका काकांच्याच मुलाला, राजेशला, बाहेर बसवलं. म्हणाला, "काका, चढाईला गेला की परत येतच नाय तो. आकडेच सांगतायत."

काका उसळले. "तुझे आकडे घाल चुलीत! देवीला कौल लावा. उजवं फूल पडलं तर माझा राजेश खेळणार, डावं पडलं तर बसणार. तिच्यापुढं कोण शहाणा हाय?"

सगळा संघ देवळात गेला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. काका हात जोडून, डोळे मिटून उभे.

डावं फूल टपकन खाली पडलं.

काकांनी एकदा फुलाकडे बघितलं, एकदा देवीकडे. मग हळूच रितेशच्या कानाशी गेले.



"मोबाईल काढ रे जरा. हिचे आजवरचे किती कौल खरे ठरले, ती टक्केवारी बघू आधी."