चौथं नाव

आटलेल्या समुद्राच्या तळाची धूळ रोज गावावर उतरायची. त्या धुळीतली कीटकनाशकं माणसांच्या आठवणी कशा पुसतात, हे शास्त्रज्ञ सर्बिनाझ तपासत होती. इथल्या प्रत्येकाला आपल्या सात पिढ्यांची नावं यावीच लागतात. तीच तिची चाचणी.

ओराझबाय या म्हाताऱ्या मासेमाराने डोळे मिटून, जाळं ओढावं तसं सावकाश, सातही नावं म्हटली. मग म्हणाला, "आता तू म्हण. तूही इथलीच ना?"

ती हसत म्हणू लागली. बाहेर वारा खारट धुळीने पांढरा होत गेला. चौथं नाव जिभेवर आलं आणि मिठासारखं विरघळलं.

ओराझबायने न विचारताच तिच्या आवडीचा बिनदुधाचा चहा पुढे केला. "असू दे, पोरी. कालही इथेच अडकली होतीस."

"काल मी आले होते?"