भिंतीपलीकडचा आवाज

आमच्याकडे केबल नव्हती. पण शेजारच्या काकूंच्या केबलचा जोड कुठेतरी सैल होता, त्यामुळे त्यांचे चॅनेल आमच्या अँटेनावर उमटायचे. मुंग्यामुंग्यांचं चित्र यायचं, आवाज मात्र नाही. तो भिंतीपलीकडून, काकूंच्या टीव्हीचा यायचा. अंथरुणाला खिळलेले बाबा तेवढ्यावर अख्खी मॅच बघायचे आणि पंचांच्या नावानं बोटं मोडायचे.

एकदा मी आभार मानायला गेले. "काकू, तुमच्या टीव्हीच्या आवाजामुळे बाबांचा दिवस छान जातो."

काकू नुसत्याच हसल्या. त्यांची सून हळूच म्हणाली, "ताई, आईंना हल्ली काहीच ऐकू येत नाही. तुमच्याकडे नुसतंच चित्र येतं हे कळल्यापासून मॅच लावून आवाज वाढवून बसतात."

तेवढ्यात काकूंनी मोठ्यानं विचारलं, "तुझ्या बाबांना तिकडे नीट ऐकू जातं ना गं?"