टेपवरची दोन मिनिटं

लाल दिवा लागला, टेप फिरू लागली आणि मी मेंडोलिन मांडीवर घेऊन नुसतीच बसले.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत सतार, मेंडोलिन, अकॉर्डियन, सांगतील ते वाजवलं. अरेंजरनं हात केला की सुरू, मूठ आवळली की बंद. आज पहिल्यांदाच रेकॉर्ड माझी होती. सगळी वाद्यंही मीच वाजवणार होते.

"कुमुदताई," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट केरकर म्हणाला, "दोन मिनिटं झाली. हात कोण करणार, मी?"

मी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"पुसू का एवढं?"

"राहू दे. पुन्हा सुरुवात करायचं त्राण नाही," म्हणत मी तार छेडली.

रेकॉर्ड फारशी खपली नाही. अजून एखादा जाणकार भेटतो, विचारतो, "सुरुवातीची ती शांतता! एवढं धाडस सुचलं कसं?"

"सवयीनं," मी सांगते.