रचलेली गोष्ट

गाडीच्या मागच्या सीटवर ऑड्री आत्या येऊन बसली आणि टेरेन्सनं चमकून आरशात पाहिलं.

"मलाही ने," ती म्हणाली. "खडकांपाशी तू फार छान गोष्ट सांगतोस म्हणे."

गाडीत सिडनीकडून सहलीला आलेले नऊ पाहुणे होते. त्यांच्यासमोर काय बोलणार? त्यानं गाडी किनाऱ्याकडच्या लाल रस्त्याला घातली.

ती गोष्ट त्यानं स्वतः रचली होती. तो दोन वर्षांचा असताना आई त्याला पर्थला घेऊन गेली. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या या आपल्या मुलखात, किंबर्लीत, तो परतला तो तिशीत. चेहरामोहरा इथल्या आदिवासी लोकांचा, पण इथलं ठाऊक काहीच नाही. सहलींचा धंदा सुरू केला तेव्हा पाहुणे त्या दोन काळ्या खडकांबद्दल हमखास विचारायचे. कुणाला तरी विचारून घ्यायला हवं होतं. पण आपलंच आपल्या माणसांना कसं विचारायचं, याची त्याला लाज वाटली. मग त्यानं दोन भाऊ आणले, एका मुलीवरून त्यांचं भांडण लावलं आणि दोघांनाही दगड करून टाकलं. पाहुणे खूश व्हायचे.

आज खडकांपाशी त्यानं आत्याकडं बघायचं टाळलं. गोष्ट मात्र नेहमीचीच सांगितली. भाऊ भांडले, दगड झाले, फोटो निघाले. आत्या वाळूत पाय पसरून ऐकत होती.

एका वयस्कर पाहुणीनं तिला विचारलं, "तुम्हीही लहानपणी हीच गोष्ट ऐकलीत का?"

टेरेन्सनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"आवाज चांगला आहे ना त्याचा?" आत्या म्हणाली. "चला, भरती यायच्या आत निघू या."

पाहुणे मुक्कामावर उतरल्यावर ती पुढच्या सीटवर येऊन बसली. त्यानं इंजिन बंद केलं.

"आत्या, ती मी मनानं रचलीय. खरी मला माहीत नाही."

"एकही शब्द खरा नाही?"

"नाही."

आत्यानं मोठा श्वास सोडला. "सुटले बाई. त्या खडकांची खरी गोष्ट बायकांची आहे. पुरुषांच्या कानावर जायची नाही, पाहुण्यांच्या तर नाहीच. कुणी तुझ्यापाशी बोलून बसलं की काय, या धास्तीनं आले मी."

टेरेन्सला हसू फुटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "मग पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगायचं, ही गोष्ट माझी नाही. माणसं ऐकतात तेही."

"आणि माझी कुठली?"

आत्या काचेबाहेर बघू लागली.

"खाडीची. कुठल्या वाऱ्याला मासे आत येतात, पाण्यात उतरण्याआधी त्याला काय म्हणून हाक मारायची. सगळं तुझ्या थोरल्या काकापाशी होतं." काका गेल्या पावसाळ्यात वारला होता. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, या रीतीनं त्याचं नाव आता कुणी घेत नव्हतं. "एक सकाळ त्याच्याबरोबर गेला असतास, तर काही रचावं लागलं नसतं तुला."

"मग त्यानं मला कधी बोलावलं का नाही?"

"आम्ही म्हणायचो, हाक मार पोराला. तो म्हणायचा, विचारायला त्यानंच यायला हवं. रोज सकाळी स्वच्छ शर्ट घालून व्हरांड्यात बसायचा. चार वर्षं बसला."

टेरेन्सला तो शर्ट आठवला. त्या घरावरून जाताना तो रोज हॉर्न वाजवायचा, पाहुण्यांना हात हलवायला सांगायचा, आणि सगळी गाडी हात हलवत पुढं निघून जायची.