ताकदीची वडी

माह्या मोठ्या जाऊबाई पुण्याच्या. दिवाळीले सक्करदऱ्याच्या घरी आल्या की माह्या "मले-तुले"वर तोंडाले पदर लावून हसत. यंदा तर फराळाले आलेल्या सगळ्याईसमोर म्हणाल्या, "इंदू, जरा रेडिओवरच्या बायकांसारखं बोल. ही काय, म्हशीशी बोलायची भाषा!"

मी त्याईच्या ताटात आणखी चिवडा वाढला.

दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला प्रोटीन खायला सांगितलंय. ताकदीचं काही करशील?" मी मुरमुरे कुरकुरीत भाजले, गुळाचा कडक पाक केला, त्यात एक खमंग पीठ मिसळलं अन् परातीत थापून वड्या पाडल्या. जाऊबाईनं उभ्या उभ्या पाच खाल्ल्या.

"काय घातलंस गं यात?"

"ढेप. सारी ताकद तिच्यातच राहते."

"म्हणजे गुळाची ढेप. आम्हीही ढेपच म्हणतो. चला, तुझा एक शब्द तरी शुद्ध निघाला." अन् त्याईनं पुण्याले न्यायले डबा भरून घेतला.

निघायच्या दिवशी मी त्याईले मुद्दाम गोठ्यात नेलं. तेल गाळून उरलेली शेंगदाण्याची ढेकळं घाणीवरून आणली होती, ते पाण्यात कुस्करून म्हशीपुढं ठेवली. म्हैस मिटक्या मारत खाऊ लागली.

"हे काय घालतेस तिला?" जाऊबाईनं नाकाले पदर लावला.



"ढेपच आहे, ताई. तुमच्या वड्याईतून उरली, ते तिले देऊन राहिली."