चोवीस खऱ्या

संचालकबाईंनी दोन छायाचित्रं टेबलावर ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"काका, चोवीस क्षेपणास्त्रगाड्या आहेत. खऱ्या किती, लाकडाच्या किती, एवढंच सांगायचं. उद्या सकाळच्या बैठकीत तुमचा आकडा मांडणार. काय करायचं ते त्यावरच ठरेल."

"कधीची आहेत?"

"एक सोमवारचं, एक गुरुवारचं."

भिंगकाकांनी मान हलवली. मूल्यमापन खात्यात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. शेजारच्या देशाकडे रणगाडे किती, विमानं किती, त्यातली उडण्याजोगी किती, हे आकाशातून काढलेल्या छायाचित्रांवरून सांगणं हे त्यांचं काम. हातातलं भिंग सुटत नसे म्हणून खात्यानं त्यांचं हे नाव पाडलं होतं. संचालकबाई त्यांच्याच हाताखाली शिकून वर गेल्या, आणि खुर्ची मिळाल्यावरही त्यांना काकाच म्हणत. अशी माणसं थोडी.

छायाचित्रांच्या कडा नेहमीप्रमाणे कापलेल्या होत्या. ठिकाणाचं नाव असलेली कड कापूनच चित्र तपासायला द्यायचं, हा नियम काकांनीच घालून दिला होता. ठिकाण कळलं की माणूस समोरचं पाहत नाही, आधीपासून माहीत असलेलंच पाहतो, असं त्यांचं म्हणणं. या नियमामुळे खात्याचं दोनदा हसं होता होता वाचलं होतं.

गाड्यांचं काम चोख होतं. चाकं, नळ्या, वर अर्धवट ओढलेली जाळी, सगळं जिथल्या तिथं. भलाभला फसला असता. काका मात्र गाडीकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहत. सोमवार ते गुरुवार या काळात सहा गाड्या जागच्या हलल्या होत्या, पण त्या उभ्या होत्या तिथे तेलाचा एक डाग नव्हता. वळणावर चाकांचे चर नव्हते. चाळीस टनांची गाडी वळते आणि माती उकरली जात नाही, हे व्हायचं नाही. उरलेल्या अठरा हलल्याच नव्हत्या, पण त्यांच्यापर्यंत येणाऱ्या वाटेवरही चर नव्हते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांची खात्री झाली. चोवीसच्या चोवीस लाकडाच्या.

त्यांना बरं वाटलं. साठीला टेकलो तरी डोळा शाबूत आहे म्हणायचा. तेवढ्यात फोन वाजला.

लेक होती. फौजेत कॅप्टन झाली होती, पण घरी अजून ठमीच. सीमेवर नेमकी कुठे आहे ते ती सांगत नसे आणि काका विचारत नसत.

"बाबा, जेवलात?"

"तू जेवलीस का ते सांग."

"जेवले हो. इथे सगळे नुसते ताटकळत बसलेत. हलायचं की थांबायचं, ते म्हणे तुमच्या खात्यावर अडलंय."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. आईला काही बोलू नका. सहज केला फोन. तुमचा आवाज ऐकावासा वाटला."

नवव्या वर्षी झाडावरून पडून हात मोडला, तेव्हाही या पोरीनं आवाज ऐकावासा वाटला असं म्हटलं नव्हतं. काकांनी फोन ठेवला आणि छायाचित्रं पुन्हा पुढे ओढली.

हिशोब सरळ होता. समोरच्यांच्या गाड्या लाकडाच्या म्हणजे समोरचे रिकाम्या हातांचे. हे कळलं की आपली फौज उद्याच हलणार, आणि ठमीची तुकडी पुढे असणार. गाड्या खऱ्या म्हटल्या तर मात्र पाऊल उचलण्याआधी कुणीही दहादा विचार करील.

एकतीस वर्षांत त्यांनी आकडा एकाने इकडचा तिकडे केला नव्हता. एका मंत्र्याला नको असलेला आकडा दिला म्हणून बढती हुकली, तरी केला नव्हता. खाल्ल्या मिठाला जागावं, हे ठमीला त्यांनीच शिकवलं होतं. आपण काय करतो आहोत ते त्यांना पुरतं कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पण तिच्या आवाजापुढे लाज टिकेना.

त्यांनी अहवालात लिहिलं, 'चोवीसही खऱ्या.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकबाई स्वतः दोन कप चहा घेऊन आल्या.

"झाली बैठक?" काकांनी विचारलं.

"झाली."

"मग? फौज पुढे जाणार?"

"छे हो. पुढे जायचं कुणाच्या मनातही नव्हतं."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"आता तुम्हाला सांगायला हरकत नाही," बाई खुर्ची ओढून बसल्या. "तो तळ आपलाच. गाड्याही आपल्याच सुतारांनी केलेल्या. त्यांच्याकडेही तुमच्या तोडीचा एक जण बसलाय, त्याला फसवायचं होतं. तुम्ही फसलात म्हणजे तो फसणारच. तुमचा कागद बघितला आणि कुणी पुढे शंकाच काढली नाही. खऱ्या चोवीस गाड्या तासाभरापूर्वीच दुसऱ्या सीमेकडे रवाना झाल्या. ती बाजू आता लाकडावरच राखायची."

काकांनी कप खाली ठेवला. "आणि माणसं?"

"राखणीला एक तुकडी ठेवलीय. तुमच्या लेकीची." बाई हसल्या. "म्हणून तर चित्रं मुद्दाम तुमच्याकडे दिली, काका. म्हटलं, दुसऱ्या कुणाची नजर चुकेल, बापाची चुकायची नाही."